सोळा दिवस आधी आलेला पाऊस : एका रोपवाटिकेच्या बियाण्याचं प्रकरण

गावाचं, संस्थेचं आणि निधी देणाऱ्या कंपनीचं नाव इथं दिलेलं नाही. ओळख पटेल असे बारकावेही गाळले आहेत. पावसाच्या तारखा मात्र जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत, कारण सगळं प्रकरण त्या तारखांवर उभं आहे.

पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्याच्या पूर्वेला, घाटाच्या भिंतीखाली ठाकर आणि कातकरी वाड्यांचं एक गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला डोंगरउतारावर सामूहिक वनहक्क मिळाला. वर्षानुवर्षं वणवे लागून उताराच्या वरच्या अंगाला नुसतं गवत आणि मुरूम उरला होता. ओढ्यांच्या काठानं मात्र झाडी बऱ्यापैकी टिकून होती. गावातल्या बायकांच्या बचत गटानं पायथ्याशी रोपवाटिका सुरू केली. तांत्रिक मदत एका संस्थेची, रोपांची खरेदी आणि लागवडीची मजुरी एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून. कंपनीची अट एकच होती आणि ती चांगली होती: झाडं स्थानिक हवीत, बी याच डोंगरातलं हवं.

बी गोळा करायचा काळ ठरलेला होता, १५ ते ३१ मे. गट त्याला ‘बियाणे पंधरवडा’ म्हणायचा. तारखा ठरवताना झाडांपेक्षा माणसांचा विचार जास्त झाला होता. कातकरी वाडीतली बरीच घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि मेच्या उत्तरार्धात परततात. झाडावर चढणारे हात त्याच घरांतले. शिवाय तेव्हा पोरांना सुट्टी असते आणि भाताच्या पेरणीची धांदल सुरू झालेली नसते. रोपवाटिकेच्या भिंतीवर एक तक्ता होता: डावीकडे झाडांची नावं, वर महिने. हा तक्ता साऱ्या राज्यासाठी छापलेल्या एका पुस्तिकेतून उतरवलेला होता. विदर्भातला पळस आणि घाटाखालचा पळस त्यात एकाच रकान्यात बसला होता.

तक्त्यावर विश्वास बसायलाही कारण होतं. २०२३ साली अरबी समुद्रातल्या ‘बिपरजॉय’ चक्रीवादळानं मोसमी पावसाचं सगळं वेळापत्रक बिघडवलं. केरळात मान्सून ८ जूनला पोचला आणि मुंबईत थेट २५ जूनला, दिल्लीच्याच दिवशी. त्या वर्षी मे पूर्ण कोरडा गेला. सुकं बी भरपूर मिळालं, रोपं उशिरा लावली तरी जगली. ‘घाई करायची नाही’ हा धडा गटानं त्या वर्षाकडून घेतला होता, आणि २०२५ मध्ये नेमका तोच आडवा आला.

झाडांचं गणित

पुढचे निर्णय समजायचे तर झाडं पावसाशी कशी बांधलेली असतात हे आधी पाहायला हवं. या पट्ट्यात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. झाडाला बी टाकायचं तर दोन गोष्टींचा मेळ बसावा लागतो: बी लांब नेणारं कुणीतरी आणि पोचल्यावर मिळणारी ओल.

वाऱ्यावर बी सोडणारी झाडं पहिल्या गोष्टीला धरून चालतात. काटेसावर, ऐन, पळस, वावळ यांची फळं उन्हाळ्यात पिकतात. तेव्हा बरीच पानं गळालेली असल्यानं वाऱ्याला वाट मोकळी असते. हवा कोरडी असल्यानं सावरीची बोंडं नीट उकलतात आणि ऐनाच्या फळाचे पाचही पंख हलके राहतात. पळसाची शेंग म्हणजे एक चपटं पातं आणि टोकाला एकच बी, तीही कोरडी असेल तरच भिरभिरत लांब जाते. बी आधी उडतं, पडतं आणि मग महिना-दीड महिना जमिनीवर पावसाची वाट पाहतं. ऐनाचं आणखी एक आहे. तो पावसाच्या तोंडावर फुलतो आणि त्याची फळं पुढच्या उन्हाळ्यात पिकतात. म्हणजे एका वर्षीच्या मेमध्ये फुलोऱ्यावर पाऊस झोडपला तर त्याचा परिणाम, झालाच तर, पुढच्या वर्षी दिसणार.

गरदार फळांची झाडं दुसऱ्या बाजूनं येतात. जांभूळ, करवंद, कोशिंब, कुंभा, मोह ही मंडळी मे ते जुलैमध्ये पिकतात. फळ खाऊन बी नेणारे बुलबुल, वटवाघळं, माकडं, कांडेचोर असतातच, आणि बी पडतं ते ओल येण्याच्या बेतात किंवा ओल्या मातीतच. त्यामुळे या बियांमध्ये साठवणीची सोय नसते. जांभळाचं बी दोन-तीन आठवड्यांत निकामी व्हायला लागतं. मोहाच्या टोळंबीतलं (फळातलं) बी तेलकट, तेही फार टिकत नाही. फ्रीजमध्ये ठेवून किंवा उन्हात वाळवून ते टिकवायचा प्रयत्न करणारे दर वर्षी भेटतात. वाळवलं की मेलं, इतकं ते सरळ आहे.

तिसरा गट घाई नसलेल्यांचा. साग, बहावा, बेहडा, आवळा. कवच घट्ट. सागाच्या फळाला तर आलटून पालटून भिजवलं आणि वाळवलं तरच कोंब नीट सुटतो, आणि वर्षभर जुनं बी ताज्यापेक्षा बरं उगवतं. यांतलं काही बी पहिल्या पावसात रुजतं, काही पुढच्या वर्षीसाठी मागं राहतं. एखादा पावसाळा दगा देऊन गेला तरी सगळंच बी वाया जात नाही.

फळ कधी पिकायचं हे फक्त त्या वर्षीचा पाऊस ठरवत नाही. मागच्या पावसाळ्यातली खोल मुरलेली ओल, हिवाळ्याची थंडी, दिवसाची लांबी या सगळ्यांवर फुलोऱ्याची वेळ ठरते आणि त्यावरून फळाची. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा फूल येऊन गेलं की पुढे पाऊस पंधरवडाभर आधी आला म्हणून फळ तेवढंच लवकर पिकत नाही. जे कच्चं असतं ते कच्चंच भिजतं.

अडचण

२०२५ च्या मेच्या पहिल्याच आठवड्यात वळवाच्या सरी आल्या. वळीव नवा नाही, दर वर्षी एखाददुसरा येतो. पण या वेळी तो येतच राहिला. २० तारखेनंतर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि २४ मे रोजी त्यानं रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडला. त्याच दिवशी मान्सून केरळात दाखल झाल्याचं हवामान विभागानं जाहीर केलं आणि २६ मे रोजी तो मुंबई-पुण्यात पोचला. मुंबईची सरासरी तारीख ११ जून आहे. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची आधी नोंदच नव्हती. कुलाबा वेधशाळेनं मेमधल्या पावसाचा १९१८ चा विक्रमही याच महिन्यात मोडला.

गटापुढची अडचण तिहेरी होती. सुकं बी झाडावरच भिजायला लागलं तेव्हा पंधरवडा सुरूही झाला नव्हता. जांभळं-करवंदं पिकण्याआधीच गळत, फुटत, सडत होती. आणि पाऊस ‘आलाच आहे’ म्हटल्यावर लागवड कधी करायची, याची बोलणी वरून सुरू झाली होती.

यात एक गोष्ट कुणाच्या हिशेबात नव्हती. त्याच पावसानं वीटभट्ट्याही बंद पाडल्या. कच्च्या विटांची माती झाली, मालकांनी हंगाम आवरता घेतला आणि कातकरी कुटुंबं नेहमीपेक्षा आधी गावात परतली. उचल फिटलेली नाही, हातात पैसा नाही आणि छप्पर शाकारायचं राहिलेलं. हात मोकळे होते, पण बी वेचायला जाण्याआधी त्यांना स्वतःचं घर गळण्यापासून वाचवायचं होतं.

समोरचे पर्याय

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गटाची बैठक झाली तेव्हा चार मतं पुढे आली.

पहिलं मत, ठरल्या तारखांना चिकटून राहायचं. वळीव दोन दिवसांत ओसरतो, ऊन पडलं की ऐन पुन्हा सुकतो. मागच्या अनुभवावर हे मत उभं होतं आणि बहुतेकांना पटणारं होतं. दुसरं, सगळं सोडून लगेच सुक्या बियांच्या मागं लागायचं. त्याला माणसं नव्हती, आणि त्या आठवड्यात गावात दोन लग्नं होती. तिसरं मत संस्थेच्या कार्यकर्त्याचं: सुकं बी यंदा बाहेरून विकत घ्यावं. बाजारात ऐन, बहावा, साग यांचं बी मिळतं, पण ते कुठल्या डोंगरातलं हे कुणी सांगत नाही, आणि कंपनीची अट मोडली असती. चौथं मत होतं सुकं बी सोडून गरदार फळांवर भर देण्याचं. ते सोपं होतं, कारण जांभूळ-करवंद घराच्या दारात असतं.

गटानं पहिलं मत स्वीकारलं. त्या दिवशीच्या माहितीवर तो निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. एक-दोन वळवांनी ऐनाचं बी मरत नाही. खोट होती ती दुसरीकडे: हा निर्णय पुन्हा कधी तपासायचा, हे ठरलंच नाही. रोज संध्याकाळी पाऊस येत राहिला आणि रोज सकाळी ‘आज ऊन पडेल’ म्हणत दिवस ढकलले गेले. एकदा भिजून वाळलेल्या बियाला काही होत नाही. सतत भिजत राहिलेल्या बियाला मात्र बुरशी येते, नाहीतर झाडाखालीच कोंब फुटून ते फुकट जातं.

प्रत्यक्षात काय केलं

हालचाल सुरू झाली ती तक्त्यामुळे नव्हे, कारवीमुळे.

कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी एकदाच फुलते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २०१६ नंतर २०२४ मध्ये फुलली, आणि या गावाच्या वरच्या कड्यावरची कारवीही त्याच हंगामातली. फुलांनंतर तिची बोंडं झुडपावरच वाळून राहतात. त्यांना पावसाचं पाणी लागलं की ती तडकतात आणि आतलं बी दूर फेकलं जातं. कुंपणाशी उगवणाऱ्या रुएलियाच्या शेंगा पोरं थुंकी लावून फोडतात, ती कारवीच्याच कुळातली. कोरड्या दिवसांत बी बोंडात सुरक्षित राहतं आणि ओल आली की बाहेर पडतं. पहिला पाऊस हीच पेरणीची खूण, अशी ही रचना आहे. पण ती खूण खरी ठरायला पहिल्या पावसामागून दुसरा यावा लागतो.

मेच्या मध्यावर सरपणाला गेलेल्या बायका वरून सांगत आल्या की कड्यावर तडतड ऐकू येतेय. कार्यकर्त्यानं म्हटलं, “आजी, पंधरवड्याला अजून दोन दिवस आहेत.” ठाकरवाडीतल्या सर्वात वयस्क सदस्य म्हणाल्या, “बोंडं फुटायला लागली. आता कसले दोन दिवस?” त्यांनी आयुष्यात कारवीचे बरेच फुलोरे पाहिलेत. कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंतीतच त्यांचं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे कारवी उगवणं-न उगवणं ही त्यांच्यासाठी निसर्गप्रेमाची नव्हे, घराची गोष्ट आहे. या पिढीचं बी वाया गेलं तर पुढचा फुलोरा थेट २०३२ मध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दव उडून गेल्यावर, अजून न फुटलेल्या बोंडांचे शेंडे विळ्यानं कापून कापडी पिशव्यांत भरले. घरी आणून पिशवीवरूनच पाणी शिंपडलं. बोंडं आतल्या आत तडकली, बी पिशवीत राहिलं. मग ते सावलीत पसरून वाळवलं, सुपात पाखडलं आणि राखेत घोळवून मडक्यात ठेवलं. हे तंत्र कुठल्या पुस्तिकेत नव्हतं. बोंड कशानं फुटतं हे ज्याला माहीत आहे त्याला ते सुचतं.

कारवीच्या गडबडीत सगळे डोंगरावर चढले आणि तिथं ऐनाची अवस्था डोळ्यांनी दिसली. तेव्हा कामाची फेररचना झाली. जमिनीवरचं ऐनाचं बी गोळा करायचंच नाही, असं ठरलं. मूठभर फळं मधोमध कापून पाहिली, तर बहुतेक पोकळ, काळी पडलेली किंवा किडीनं पोखरलेली निघाली. त्याऐवजी धारेवरची, वाऱ्याच्या तोंडावरची झाडं निवडली. पाऊस थांबला की तिथली फळं सर्वात आधी सुकतात. झाडाखाली जुन्या साड्या अंथरून फांद्या हलवायच्या, पडेल तेवढंच घ्यायचं. वाळवायला ऊन नव्हतं म्हणून बी टोपल्यांत भरून घराघरांत चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं. धुरानं कीडही लागत नाही. पळसाच्या शेंगा थोड्या मिळाल्या. सावरीचा नाद सोडून द्यावा लागला. कापूस भिजून गोळे झाले होते आणि त्यांतच बियांना कोंब फुटलेले होते.

जांभळाच्या बाबतीत मात्र नुकसानीतून वाट निघाली. तालुक्याच्या बाजारात बायका सडलेल्या जांभळांच्या पाट्या उकिरड्यावर ओतत होत्या. विकायला फळ गेलं होतं, पण पूर्ण जांभळं होऊन सडलेल्या फळाचं बी चांगलं असतं. वाईट असतं ते हिरवं गळालेलं. गटानं त्या पाट्या किरकोळ पैशांत उचलल्या, हिरवी फळं बाजूला काढली, गर धुऊन टाकला आणि त्याच दिवशी बी पेरलं. पिशव्या भरता येत नव्हत्या, कारण माती चिखल झाली होती आणि चिखलानं भरलेल्या पिशवीत मुळाला हवा मिळत नाही. म्हणून भाताचं तूस मिसळून उंच गादीवाफे केले, वर ताडपत्री ताणली आणि रोपं दोन पानांवर आल्यावर पिशव्यांत हलवली. जांभळाच्या एका बियातून दोन-तीन कोंब येतात. त्यांतला जोमदार ठेवून बाकीचे काढावे लागले. करवंदाचंही असंच केलं.

लागवडीची तारीख

सगळ्यात अवघड निर्णय बियाण्याचा नव्हता. कंपनीला ५ जूनला, पर्यावरण दिनी, उतारावर लागवडीचा कार्यक्रम हवा होता. माणसं येणार, बॅनर लागणार, फोटो निघणार. एरवी गट म्हणाला असता की मृग लागल्याशिवाय खड्ड्यात रोप जाणार नाही. पण या वर्षी हवामान विभागानंच मान्सून जाहीर केला होता, जमीन भिजलेली होती आणि गावात सगळ्यांचाच उत्साह वाढला होता. संस्थेच्या मंडळींचंही मत ‘आता थांबायचं कशाला’ असंच होतं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी होती. मान्सूनच्या आगमनाची घोषणा ही वातावरणाबद्दलची असते. केरळसाठी निकष आहेत: १० मेनंतर ठरावीक १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस, आणि जोडीला वाऱ्याची खोली, वेग वगैरे. त्यात पुढच्या पंधरवड्याची हमी नसते. कृषी विभाग शेतकऱ्यांना ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय पेरू नका असं दर वर्षी सांगतो, आणि २०२५ मध्ये तर घाई करू नका असं मुद्दाम सांगितलं गेलं. भाताच्या बाबतीत गावातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. धूळवाफ पेरणीला कोरडी माती लागते, ती या वर्षी मिळालीच नाही, म्हणून लोक आधीच सावध होते. पण रानातल्या झाडांना तोच नियम लावावा असं कुणाच्या मनात आलं नाही. रोपवाटिका ‘प्रकल्प’ असते आणि भात ‘शेती’ असते, म्हणून असेल.

बैठकीत तोडगा निघाला तो निम्मानिम्मा. ५ जूनचा कार्यक्रम ओढ्याकाठी, थोड्या रोपांवर करायचा. तिथं सावली आहे, ओल टिकते. मधल्या आणि वरच्या उतारावरची रोपं थांबवायची. बहावा आणि बेहडा या घट्ट कवचाच्या बिया उतारावर टोचायला हरकत नाही, कारण त्या चुकून आधी भिजल्या तरी सगळ्या एकदम उगवत नाहीत. मऊ बी वाफ्यातच. माझ्या मते साऱ्या प्रकरणातला हा सर्वात विचारी निर्णय होता, आणि तो कुठल्याही तज्ज्ञानं नव्हे, गटातल्या बायकांनी घेतला.

एक तुकडी मात्र त्याआधीच, मेच्या शेवटच्या आठवड्यात, उत्साहाच्या भरात वरच्या मुरमाड उतारावर ऐन आणि शिवण टोचून आली होती.

२९ मेनंतर मान्सूनची वाटचाल थबकली. दोन आठवड्यांहून अधिक काळ तो पुढे सरकला नाही. कोकणात पाऊस पूर्ण बंद झाला नाही, सरी येत होत्या, पण जोर गेला होता आणि मध्ये मध्ये कडक उघडीप होती. खोल मातीत याचा फारसा फरक पडत नाही. वीतभर मुरमावर मात्र दोन दिवसांच्या उन्हात ओल संपते. जूनच्या मध्यानंतर पाऊस पुन्हा लागला आणि उरलेली लागवड आर्द्रा नक्षत्रात उरकली.

निष्पत्ती

वरच्या उतारावर आधी टोचलेल्या ऐन-शिवणीचे कोंब बहुतेक करपले. बहावा थोडा उगवला, बाकीचं बी जमिनीत आहे. ओढ्याकाठची ५ जूनची रोपं जगली. आर्द्रेतली रोपंही चांगली लागली.

कारवीचं चित्र दुहेरी दिसलं. मेमध्येच फुटून पडलेलं बी रुजलं होतं. झाडांच्या सावलीत, पाचोळ्यात त्या रोपांचा दाट गालिचा टिकला. उघड्या कड्यावर तो पातळ झाला, काही जागी पूर्ण गेला. मडक्यात राखलेलं बी जूनच्या शेवटी त्याच मोकळ्या जागी फेकलं आणि पावसाळ्याच्या अखेरीस तिथं रोपं दिसली. ती सगळी फेकलेल्या बियांचीच, असं म्हणता येणार नाही, कारण न टाकलेली शेजारची जागा खूण करून राखून ठेवली नव्हती.

रोपवाटिकेत संख्या भरली, पण मिश्रण बिघडलं. जांभूळ, करवंद, कोशिंब भरपूर, ऐन आणि पळस थोडे, सावर जवळजवळ नाही. ही नुसती हिशेबाची बाब नाही. जांभळाला ओढ्याकाठची ओल लागते. वणव्यानं भाजलेल्या मुरमावर उभी राहणारी झाडं म्हणजे पळस आणि ऐन, आणि नेमकी तीच कमी पडली. म्हणजे सोप्या बियांवर भर देण्याचं चौथं मत पूर्ण मानलं असतं, तर जिथं झाडांची सर्वात जास्त गरज होती तिथंच लावायला काही उरलं नसतं. कंपनीला संख्या पाहून समाधान वाटलं. गटाला ते तितकंसं वाटलं नाही.

रानातही एक गोष्ट दिसली. ओढ्याकाठी जांभळाची रोपं झाडाच्या अगदी खाली दाटीवाटीनं उगवली होती, लांब मात्र तुरळक. पावसानं फळं झोडपून खाली पाडली आणि पाखरांना, वटवाघळांना ती फांदीवर नेहमीइतके दिवस मिळाली नाहीत, असं गटातल्या जुन्या लोकांचं म्हणणं आहे. एका वर्षाच्या निरीक्षणावरून यापेक्षा जास्त बोलणं बरं नव्हे.

काय वेगळं करता आलं असतं

वाऱ्यावर उडणारं बी मेच्या उत्तरार्धासाठी ठेवायला नको होतं. ऐन मार्च-एप्रिलमध्ये तयार असतो. तेव्हा भट्टीवर न जाणारी चार-सहा माणसं रोजंदारीवर लावली असती, तर वळीव येण्याआधीच टोपल्या भरल्या असत्या. एकाच पंधरवड्यात सगळं उरकायचं, ही कल्पना माणसांच्या सोयीची होती. सुकं, गरदार आणि घट्ट कवचाचं बी असे तीन वेगळे हंगाम मानणं झाडांच्या सोयीचं झालं असतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यातली ‘थांबू या’ची भूमिका ठीक होती, पण तिला मुदत हवी होती. लागोपाठ तीन संध्याकाळी पाऊस झाला तर चौथ्या दिवशी सकाळी डोंगरावर जायचं, इतका साधा नियम पुरला असता. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. तो कार्यकर्त्याच्या फोनवर येत होता, बैठकीत कुणी वाचून दाखवला नाही.

भिंतीवरच्या तक्त्याला पर्याय हवा आहे. प्रत्येक जातीचे पाच-सहा मातृवृक्ष, म्हणजे बी घ्यायची झाडं, निवडून त्यांच्यावर खूण करायची आणि दर आठवड्याला एकानं जाऊन पाहायचं: कळी, फूल, कच्चं फळ, पिकलेलं, गळालेलं. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलं आणि नागरिक नेमकं हेच करतात. गावातल्या शाळेत ते सहज बसेल. पाच वर्षांनी गटाकडे स्वतःच्या डोंगराचं वेळापत्रक असेल. हवामान बदललं, असं सगळेच म्हणतात. किती आणि कुठल्या झाडासाठी, हे सांगायला नोंदी लागतात, आणि त्या आज गावात नाहीत.

२०२३ चा धडा २०२५ ला लागू पडला नाही, तसा २०२५ चा धडा पुढच्या वर्षी लागू पडेलच असं नाही. म्हणून आता दर वर्षी मेमध्येच पळापळ करायची, असा उलटा निष्कर्ष काढणं हीसुद्धा चूक ठरेल. गटातले काही जण तो काढू पाहत आहेत. कारवीच्या वेळी थोडी जागा बी न टाकता राखून ठेवली असती तर निदान एका प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं. ती संधी आता पुढच्या फुलोऱ्यानंतर.

कंपनीबरोबरच्या पुढच्या करारातून गटानं लागवडीची तारीख काढून टाकायला सांगितली आहे. त्या जागी ‘वरच्या उतारावर वीतभर खोल ओल असल्याचं गटानं पाहून कळवल्यानंतर’ असं वाक्य सुचवलं आहे. ५ जूनचा कार्यक्रम रोपवाटिकेच्या आवारात करायला त्यांची हरकत नाही. मातृवृक्षांच्या यादीत ऐन सर्वात वर आहे, कारण २०२५ च्या मेमध्ये त्याचा फुलोरा पावसात सापडला होता आणि त्याची फळं २०२६ च्या मार्च-एप्रिलमध्ये मोजायची असं ठरलं.